काळ्या बुटांचं कौतुक

मी गमबूट बोलतोय. उजवा. डावा शेजारीच लटकलाय, पण तो बोलणार नाही. तो पहिल्यापासून गुणी म्हणून नावाजलेला आहे. त्याला ठिगळ नाही, मला आहे. कुणीही आम्हाला उचललं की म्हणतं, "डावा अजून छान आहे हं!" हे ऐकत मी म्हातारा झालो. तेव्हा माझ्या बोलण्याला जळका वास आला, तर तो रबराचा समजू नका.

कारखान्यात आम्ही एकाच दिवशी साच्यातून निघालो. आम्हाला विकत घेतलं बाबांनी. बाबा म्हणजे आमच्या ताईचे वडील. रोपवाटिकेत माती कालवायची, पिशव्या भरायच्या, पाणी घालायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या रुंद पायांत आम्ही सुखात होतो. एक दिवस ताई कॉलेजातून थेट रोपवाटिकेत आली आणि म्हणाली, "बाबा, तुमचे गमबूट मला द्या ना. तळ्यात उतरायचंय."

"तळ्यात काय ठेवलंय?"

"पाणमांजरं आहेत तिथे. कुणी बघतच नाही, म्हणून कुणाला माहीत नाही."

बाबांनी तिथल्या तिथे आम्हाला काढून दिलं आणि स्वतः चपला घालून चिखलात उभे राहिले.

ताईला आम्ही फारच मोठे. ती मोज्यांवर मोजे चढवायची, पुढे चिंध्यांचा बोळा कोंबायची आणि बदकासारखी चालायची. पण घालण्याआधी आम्हाला उलटं करून ठोकायला कधी विसरली नाही. आत कुणी बसलं असेल तर बिचारं चिरडायला नको, म्हणून. एकदा माझ्यातून बेडूक पडला. डाव्यातून आजवर काही पडलेलं नाही. एवढं एकच मी त्याला अधूनमधून ऐकवतो.

तळं वस्तीच्या मागे होतं. एका अंगाला लव्हाळ्यांचं रान, दुसऱ्या अंगाला पाडलेल्या घरांचा राडारोडा. टेम्पो यायचे, रिकामे होऊन जायचे, आणि तळं दरवर्षी थोडं आक्रसायचं. ताई मात्र पहाटे गुडघाभर चिखलात शिरायची आणि पाय न हलवता उभी राहायची. तिच्याबरोबर आम्हीही. तिथेच एका फुटक्या फरशीने मला फाडलं. सायकलवाल्याने ठिगळ लावलं, तेही पुढे एका कडेने सुटलं. तरी मी एक दिवस रजा घेतली नाही.

मग त्या शिष्यवृत्तीची बातमी आली. वन्य प्राण्यांच्या अधिवासाचं रक्षण शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी होती ती. मिळाली तर ताई दूरच्या विद्यापीठात शिकणार आणि याच तळ्यावर अभ्यास करणार. नाही मिळाली तर आत्याच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करायला बसणार. घरात तसं ठरलेलंच होतं. आत्या मायाळू होती, पण तिच्या दुकानात चिखल नव्हता. तिथे माझं काय काम?

अर्ज ताईने मागच्या पायरीवर बसून लिहिला. आम्ही तिच्या पायातच होतो. मध्येच तिने बाबांना विचारलं, "बाबा, ही जागा तुमच्या हाती दिली तर पहिलं काय कराल, असं विचारलंय."

"राडारोडा उचलीन म्हणून लिही. त्यात काय एवढं?"

"अहं. काही हलवायच्या आधी तिथे कोण राहतंय ते बघीन, असं लिहिते. त्या विटांच्या ढिगातसुद्धा कुणीतरी बिऱ्हाड थाटलेलं असतं, बाबा."

बाबा हसले. "लिही बाई. तुझं तळं, तुझी अक्कल."

अर्ज पसंत पडला. निवड समितीची पद्धत अशी, की मुलाखत कार्यालयात नाही, त्या जागेवरच घ्यायची. मला वाटलं, आता आपले दिवस आले! रात्री माझ्या अंगावरून ओलं फडकं फिरलं, तेव्हा तर मी हुरळूनच गेलो. आणि सकाळी आत्या खोकं घेऊन हजर. त्यातून काळेभोर, चकचकीत बूट निघाले. नाड्यासुद्धा इस्त्री केल्यासारख्या.

"आत्या, अगं तळ्यावर जायचंय!"

"मोठी माणसं यायचीत. ती काठावर उभी राहून बोलतील. तू काय त्यांच्यापुढे ही डबडी घालून जाणार? लाज काढशील आमची."

डबडी! त्या काळ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताई त्यांना घालून टकटक करत निघून गेली. तळ्याची वाट त्यांना ठाऊक नव्हती. मला होती, आणि मी दाराआड पडून होतो. त्या दिवसाइतका मी कधीच जळलो नाही. देवाशपथ सांगतो, ते बूट फाटावेत असं मला वाटलं.

संध्याकाळी ती आली, तेव्हा काळे बूट ओळखू येत नव्हते. चिखलाने लडबडलेले, एकाची नाडी गायब. मला उकळ्या फुटल्या. पण ताईचा चेहरा पडला होता.

"सगळं घालवलं मी, आत्या," ती म्हणाली. "समितीतल्या सरांनी विचारलं, पाणमांजर आहे कशावरून? मी म्हटलं दाखवते, आणि गेले सरळ चिखलात. त्यांची विष्ठा पानावर घेऊन आले, माशांचे काटे-खवले दिसतात ना तीत, ती. मॅडम ओरडल्या, अगं तुझे बूट! तेव्हा मला कळलं, पायात गमबूट नाहीत. ते सगळे हसले गं."

आता तुम्हीच सांगा, पायाकडे न बघता चिखलात शिरायची ही सवय तिला कुणी लावली?

पुढे पत्र आलं. शिष्यवृत्ती मिळाली! बाबांनी रोपवाटिकेत सगळ्यांना चहा पाजला. आणि आत्याने काय करावं? ते काळे बूट धुऊन, पॉलिश करून, दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "याच बुटांनी पोरीचं नशीब उघडलं." एकदाच चिखलात गेले हो ते! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, म्हणतात ते काय खोटं?

ताई कागदपत्रांच्या धावपळीला लागली. आम्हाला मागच्या भिंतीवर, छपराखाली खिळ्यांना टांगलं, आणि सगळे विसरले.

निघायच्या दिवशी मात्र ती धावत आली. "बाबा, गमबूट राहिलेच की! ते घेतल्याशिवाय जाते होय मी?" मी सगळं विसरलो. सवयीने उलटं करून ठोकायला तिने हात वर केला. इतक्यात माझ्यातून फडफडत एक दयाळ उडाला. टाचा उंचावून तिने आत डोकावलं. आत काड्या, केस, दोऱ्याचे तुकडे, आणि त्यांत निळसर, ठिपक्यांची अंडी.

"बाजूच्या डब्यात ठेवू का घरटं?" बाबा म्हणाले.

तिने टाचा टेकल्या आणि हळूच मागे सरली. मग म्हणाली, "नको. अर्जात काय लिहिलंय मी?"

ठिगळाच्या फटीतून पाणी निथळतं, म्हणून मी कोरडा राहतो; त्या पाखराने तेवढं हेरलं. गुणी डाव्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ताईने माझ्या तळव्यावरून एकदा हात फिरवला आणि गेली. जाताना पायात तेच होते, आत्याने काचेच्या कपाटातून काढून दिलेले काळे.

तुम्हाला ती कुठे भेटलीच, तर सांगा, बूट घालण्याआधी उलटे करून ठोकत जा म्हणावं. त्या काळ्यांना तिला आठवण करून देता यायची नाही. मला अजून जळायला होतं, खोटं कशाला बोलू? पण हल्ली जळतोसुद्धा अगदी न हलता. आत पिल्लं झोपलीत.