अडकलेली चक्री

धोंडीरामने रिव्हॉल्व्हरची नळी ज्वारीच्या पोत्याकडे वळवली आणि अंगठ्याने बाजूचा खटका पुन्हा दाबला. खटका आत गेला, पण गोळ्यांची चक्री जागची हलली नाही. ती बाहेर कलंडावी म्हणून त्याने तळहाताने हळूच रेटा दिला. काही उपयोग नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. परवाना असलेल्यांनी आपापली हत्यारं उद्यापर्यंत ठाण्यात जमा करायची होती, आणि जमा करताना ती रिकामी हवीत. याच्या चक्रीत गोळ्या होत्या आणि चक्री उघडायचं नाव घेत नव्हती.

“मी बीडला नेतो की,” मुलगा आदिनाथ दारातून म्हणाला. “तिथं दुरुस्तीवाला हाय एक.”

“न्हाई. तू हात लावू नकोस.”

आदिनाथने वाद घातला नाही. मोटारसायकल काढली आणि नेकनूरला निघून गेला.

दुरुस्तीवाला पहिलं काय विचारणार? कधीपासून अडकलंय? उत्तर धोंडीरामला माहीत होतं, पण ते तोंडावाटे काढायची त्याची छाती नव्हती.

दिवाळी झाल्यावर त्याच्या हरभऱ्यात मेंढ्या शिरल्या होत्या. मेंढ्या म्हाळूच्या. म्हाळू शिरूर कासारकडचा धनगर. दरवर्षी त्याचा कळप खतासाठी धोंडीरामच्याच रानात बसायचा आणि त्याची बायको मनकर्णा तेवढे दिवस घरी शेळीचं दूध घालायची. इतकी जुनी ओळख. तरी त्या दिवशी शब्दाला शब्द लागला. म्हाळू चार माणसांदेखत उलट बोलला, आणि धोंडीरामने कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून त्याच्या छातीवर रोखलं. मग खाली घेतलं. पाहणाऱ्यांनी एवढंच पाहिलं. आण्णांनी हात आवरला, मोठ्या मनाचा माणूस, असं गावभर झालं.

चाप दोनदा ओढला होता, हे धोंडीरामला ठाऊक होतं. बोटात होता नव्हता तेवढा जोर लावला होता. चक्री फिरली नाही, म्हणून गोळी सुटली नाही आणि म्हाळू वाचला. मोठं मन वगैरे काही नव्हतं. पारावर कौतुक निघालं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तो ते ऐकून घ्यायचा, वर चहाही प्यायचा. रिव्हॉल्व्हर त्या दिवशी कपाटात गेलं ते आज बाहेर आलं होतं.

त्याने दात घासायचा जुना ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चक्रीच्या फटीवर घासला. गोळीच्या दारूची काजळी असती तर सुटली असती. रॉकेल ओघळून गेलं आणि फटीत दिसणारं तपकिरी, घट्ट काहीतरी तसंच राहिलं. मुठीखालून दोन मुंग्या निघाल्या. त्याने त्या फुंकर मारून उडवल्या आणि पुन्हा घासायला लागला.

तुळजाबाई, त्याची बायको, मघापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती.

“रॉकेलनं न्हाई सुटायचं ते,” ती म्हणाली. “कोमट पानी लावा.”

“लोखंडाला पानी? गंजंल की.”

“लावा तर.”

तिनेच फडकं गरम पाण्यात पिळून आणलं. धोंडीरामने ते चक्रीभोवती गुंडाळून धरलं. थोड्या वेळाने बोटांवरून तांबूस पाणी उतरायला लागलं. त्याने खटका दाबला, तशी चक्री अलगद बाहेर कलंडली. त्याने एकेक गोळी काढून फडक्यावर ठेवली. बोटं चिकट झाली होती. त्याने ती नाकाशी नेली आणि बायकोकडे पाहिलं.

“काकवी हाय,” तुळजाबाई म्हणाली. “दसऱ्याला म्या वतली.”

दसऱ्याची शस्त्रपूजा दरवर्षी तीच करायची. विळा, कोयता, कुऱ्हाड आणि त्यांच्याशेजारी पाटावर हे. त्याला हळदकुंकू लावायची, हात जोडायची. धोंडीराम तोवर सोनं वाटायला गावात गेलेला असायचा.

“कावून?”

“पोळ्याला पोरानं वाटणीचं काढलं, तर तुमी हे आणून ताटाशेजारी ठेवलं. त्याच्यासमोर. बोललाव कायच न्हाई, नुसतं ठेवलं. तवाच मनात घेतलं म्या.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “चुकलं माजं. इतकी मोलाची वस्तू नासवली. तवापासून तुमच्याकडं नीट बघवंना झालतं मला.”

आधी दसरा, मग दिवाळी, मग हरभरा. धोंडीरामला मनातल्या मनात क्रम लावायला वेळ लागला नाही. ही बाई आपली माफी मागते आहे, आणि हिने पाटावर ती काकवी ओतली नसती तर आपण आज तुरुंगात असतो आणि म्हाळू मातीत. चुकलं न्हाई तुजं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. तो फडक्यावरच्या गोळ्या एकेक करून पुसत बसला. आपला नवरा रागावला आहे असं समजून ती खाली बघत राहिली.

“आण्णा, हाईत का घरी?”

अंगणात म्हाळू उभा होता. खांद्यावर नवी काळी घोंगडी, घडी केलेली. धोंडीराम ओल्या हातांनीच बाहेर आला. आता हाही आपले उपकार मानणार, आणि तेही भेट देऊन! ते त्याला सोसवलं नसतं.

“म्हाळू,” तो घाईने म्हणाला, “लोक म्हणतेत तसं न्हाई. त्या दिवशी म्या चाप वढलता.”

“व्हय. दोनदा.”

“तुला कसं ठाऊक?” धोंडीरामने विचारलं.

“दसऱ्याला मनकर्णा दूध घालाय आलती,” म्हाळू म्हणाला. “तिच्या देखत आक्कांनी तुमच्या हत्यारात काकवी वतली. तिनं मला सांगितलं. म्हणून तर पळालो न्हाई म्या. म्हणलं, चालायचं तर न्हाईच हे. आण्णा वढतेत का, तेवढं बघावं.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मेंढरांना कुठे पाणी मिळालं हे सांगावं तसं त्याने सांगितलं. मग धोंडीरामच्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं.

“घोंगडी आक्कांसाठी हाय. मनकर्णानं दिलीय.”

तुळजाबाई दारात आली होती. तिने पुढे होऊन दोन्ही हातांनी घोंगडी घेतली. चहा घेऊन जा, म्हणाली. म्हाळू नको म्हणाला.

“यंदा मेंढ्या बसवशील नव्हं रानात?” धोंडीरामने विचारलं. आपला आवाज त्याला स्वतःलाच केविलवाणा वाटला.

“यंदा न्हाई जमायचं, आण्णा.”

म्हाळू रामराम करून वळला. त्याच्या मेंढ्यांच्या वाड्याकडे जायला हरभऱ्यातली पायवाट जवळची होती, पण तो लांबच्या डांबरी रस्त्याने गेला. तो दिसेनासा होईपर्यंत धोंडीराम तिकडेच बघत राहिला, कारण मागे वळायचा त्याला धीर होत नव्हता. शेवटी वळला. तुळजाबाई घोंगडी छातीशी धरून तशीच उभी होती.

“दोनदा?” तिने विचारलं.