थोरलीच्या गालातलं औषध

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी. माकडिणी असल्या तरी बहिणी त्या बहिणीच. दोघींना एकाच दिवशी विषाणू टोचला होता, माणसाच्या एचआयव्हीचा माकडांतला भाऊबंद. दुसऱ्या दिवसापासून थोरलीला केळ्याच्या गोळ्यातून औषध, धाकटीला नुसतंच केळं. लागण ताजी असतानाच औषध दिलं तर विषाणू दबतो का, ते बघायचं होतं.

प्रयोगशाळेत पिंजरे आणि खाणंपिणं माझ्याकडे. वेगळ्या ठेवल्या की दोघी अंगावरचे केस उपटायच्या, म्हणून मीच डॉक्टरबाईंच्या मागे लागून पिंजरे शेजारी घेतले, मध्ये फक्त गज. शहाणपणा माझाच.

चौथ्या दिवशी पाहिलं. मी तक्त्यावर खूण करून वळले की थोरली गालाच्या पिशवीतून अर्धा गोळा बाहेर काढायची आणि धाकटी गजांतून हात घालून तो हक्कानं घ्यायची. मला हसू आलं. आमच्या भावंडांत इतकं प्रेम असतं तर काय हवं होतं! धाकटीलाही मिळतंय तर मिळू दे, म्हटलं. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे कुणाला सांगितलं नाही.

महिन्यानं रक्ताचे रिपोर्ट आले. डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या.

"थोरलीचा विषाणू दबलाच नाही हो, मावशी. औषध घेणाऱ्या बाकीच्या माकडांचं चांगलं आहे, पण ही एक अशी निघाली तर औषध पुढे जाणार नाही. सहा वर्षं घालवलीत मी यात."

इकडे आड, तिकडे विहीर. मी सांगून टाकलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अर्धवट औषधानं विषाणू निर्ढावतो, मावशी. आता दोघींना हे लागू पडणार नाही. दोघी अभ्यासातून बाद."

"बाद म्हणजे?"

"अशी जनावरं दुसरीकडे देता येत नाहीत." मग मनापासून म्हणाल्या, "तुम्ही बोललात म्हणून औषध वाचलं."

शुक्रवारी सकाळी त्या हातमोजे घालून, कायमचं झोपवायची सुई घेऊन आल्या.

"दोघींना एकदमच न्या," मी म्हणाले.

"टेबल एकच आहे. आधी कोणाला, ते तुम्हीच सांगा. तुम्ही त्यांना ओळखता."

ओळखत होते, म्हणूनच तोंड उघडेना. मी आले म्हणजे खाणं आलं, एवढंच धाकटीला ठाऊक. ती आपणहून दाराशी येऊन बसली.