सिस्टरने धुतलेली मुळं

झाड मातीसकट कुंडीतून बाहेर आलं आणि मुळांवरची पांढरी बुरशी बघून सिस्टरच्या अंगावर काटा आला. बुरशी म्हणजे थोडीथोडकी नव्हे. पिंजलेला कापूस मुळामुळांत कोंबावा तशी, आणि वर अळंब्यांचा वास. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देण्यात काढलेली बाई ती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी अजून नळ कोपराने बंद करायची. तिच्यासमोर बुरशीची काय टाप.

तिने बाह्या वर सारल्या, झाड बाल्कनीतल्या नळाखाली धरलं आणि जुन्या टूथब्रशने एकेक मूळ घासून काढलं. तिथे थांबली असती तरी चाललं असतं. पण अर्धवट काम तिला कधी जमलंच नाही. पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी केलं आणि मुळं त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवली, घड्याळ लावून. मग नव्या खडीमातीत झाड बसवलं, हलू नये म्हणून तारेने कुंडीला बांधलं आणि समाधानाने हात धुतले. दोनदा.

झाड तिचं नव्हतं, दादांचं होतं. दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ. जपानी काळा पाइन, बी पेरल्यापासून आठ वर्षांचा, पण उंची हातभरसुद्धा नाही. दादांचं चष्म्याचं दुकान होतं, उभा जन्म काचा घासण्यात गेला. दुकान बंद केलं त्या वर्षी त्यांनी हे बी लावलं आणि त्याचं बोन्साय करायचा ध्यास घेतला. दीड वर्षापूर्वी खोडाला तांब्याची तार गुंडाळून अशी दोन वळणं दिली की बघणाऱ्याने बघत राहावं. त्यानंतर महिन्याभरात त्यांचे हात थरथरायला लागले. आता शर्टाची बटणंही वहिनी लावत होती. त्या हातांनी शेवटचं नीट केलेलं काम म्हणजे हे झाड, आणि दुसरं आता होणार नव्हतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

उपचारासाठी दादा आणि वहिनी तीन महिने लेकीकडे निघाले, तेव्हा झाड सिस्टरकडे आलं. त्याची माती या थंडीच्या शेवटी बदलायलाच हवी होती. सोबत दादांनी वहिनीकडून लिहून घेतलेला पाठपोट कागद होता. कुठली बाजू समोर ठेवायची, मुळं किती कापायची, खोडाची तार मी आल्यावरच काढायची, सगळं होतं. बुरशीबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं.

"चिमे, हात तुझा स्थिर आहे," जाताना दादा म्हणाले होते. "डोकं तेवढं माझं वापर."

बासष्ट वर्षांच्या बाईला चिमे म्हणणारा जगात आता तो एकच माणूस उरला होता.

दादांचा फोन आला तेव्हा तिने बुरशीचं सांगितलं नाही. उगाच कशाला? आपल्या झाडाला कीड लागली होती आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही, हे ऐकून बिचाऱ्याला वाईट वाटलं असतं. कागदाप्रमाणे सगळं झालं, एवढंच ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी पाइनच्या सुया फिक्या दिसायला लागल्या. सिस्टर नर्सरीत गेली. नर्सरीवाल्या बाई जुन्या ओळखीच्या, दादांना खडीमाती द्यायच्या. त्यांच्यासमोर सिस्टरने मुळं कशी लख्ख केली त्याचं अगदी रंगवून वर्णन केलं, जांभळ्या पाण्यासकट. बाईंच्या हातातली झारी तशीच राहिली.

"सिस्टर, ती बुरशी म्हणजे रोग नव्हता हो. तिच्या जिवावर तर पाइन जगतो. मुळांना पाणी तीच पुरवते."

सिस्टरला बसायला स्टूल द्यावं लागलं. उभ्या आयुष्यात तिच्या हातून एक चिमटा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि आता स्वच्छतेच्या नादात सख्ख्या भावाच्या झाडाच्या तोंडचं पाणी काढून घेतलं होतं. बाईंनी स्वतःच्या मोठ्या पाइनखालची जुनी माती पिशवीभर दिली. वरून पसरा, सावलीत ठेवा, पाणी बेताने घाला, आणि आता फक्त वाट बघा, असं सांगितलं. जगेल का, या प्रश्नावर मात्र त्या झारी भरायला वळल्या. डॉक्टर असे पाठमोरे झाले की त्याचा अर्थ काय, हे सिस्टरला सांगायला नको होतं.

पुढचे दोन महिने तिने अतिदक्षता विभागात काढावेत तसे काढले. सकाळी उठल्यावर चहाआधी झाड. फांद्यांच्या टोकांना कोंब होते. वाढीला लागले की ते मेणबत्त्यांसारखे उभे होतात, तीच झाड जगल्याची खूण. पण कोंब काही हलेनात. ती रोज बघायची आणि रोज ते तसेच दिसायचे. दादांच्या फोनवर मात्र ती ठरलेलं उत्तर द्यायची. झाड मजेत आहे. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे हे बोलताना ती उभीच राहायची.

शेवटी दादा परतले. हात होते तसेच होते, औषधाने फार फरक पडला नव्हता. दुसऱ्याच दिवशी वहिनीला खाली भाजीवाल्याकडे सोडून ते सिस्टरकडे तीन जिने चढून आले. बाल्कनीत खुर्चीवर टेकले आणि झाडाकडे बघायला लागले. सिस्टरने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे केला, आणि पेल्याबरोबर सगळं सांगूनही टाकलं. बुरशी, टूथब्रश, जांभळं पाणी, फोनवरचं खोटं.

"तुझं शेवटचं काम होतं ते दादा," ती म्हणाली. "मी त्याची वाट लावली."

दादांनी पेला दोन्ही हातांत धरला. मग त्यांनी विचारलं, "जांभळ्या पाण्यात किती वेळ?"

"दहा मिनिटं. घड्याळ लावून."

दादांच्या तोंडून हसू फुटलं ते थांबेचना. पेल्यातलं पाणी सदऱ्यावर सांडलं. हसू ओसरल्यावर त्यांनी खिशातून काचा तपासायचं जुनं भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. हात थरथरत होता, डोळा नाही. एकेका कोंबापाशी ते थांबत होते.

"सरकलेत," ते म्हणाले. "तांदळाच्या दोन दाण्यांएवढे. तू रोज बघत होतीस, तुला कसं दिसणार? कुंडी उचल जरा."

तिने कुंडी उचलली. पाणी निथळायच्या भोकाशी एक मूळ डोकावत होतं आणि त्याच्यावर पांढरा, लोकरीसारखा पुंजका होता.

"बघ. आली तुझी बुरशी परत."

सिस्टरने बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. जन्मभर जिचा नायनाट केला ती बुरशी बघून या बाईला रडू आलं, हे थिएटरमधल्या कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. छातीवरचा धोंडा उतरला होता. पदराने नाक पुसून तिने कुंडी हळूच खाली ठेवली.

"कागदावर मीच लिहायला सांगितलं नाही गं," दादा म्हणाले. "मला वाटलं, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. या वर्षी बाकी काही कापायचं नाही, दमलंय ते. पण तार सालीत रुतायला लागलीय. ती आजच काढू. कटर."

त्यांनी हात पुढे केला. सिस्टरने हत्यारांच्या ट्रेमधला कटर सवयीने त्यांच्या तळव्यावर ठेवला, मूठ त्यांच्याकडे. दादांनी टोक खोडाशी नेलं. टोक सालीभोवती भिरभिरत राहिलं, स्थिर होईना. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग हात मागे घेतला, कटर फिरवला आणि मूठ तिच्याकडे केली.

"तू काप. मी देतो."

उलगडायची नाही, तुकडे करायचे, बाहेरच्या बाजूने, असं ते सांगत गेले आणि ती कापत गेली. तांब्याचे तुकडे स्टीलच्या ट्रेमध्ये एकेक करून पडले. शेवटचा तुकडा पडल्यावर दोघंही थांबले. तार गेल्यावर खोड सरळ व्हायला बघतं की काय, याची धास्ती दोघांना होती. पण दोन्ही वळणं दादांनी दिली तशीच राहिली.

"राहिलं," दादा हलकेच म्हणाले.

सालीत मात्र एक बारीक तुकडा अजून अडकला होता. सिस्टरने झाडावरची नजर न काढता उजवा हात बाजूला पसरला. चौतीस वर्षांत तिने कधी असा हात पसरला नव्हता. चिमटा तिच्या तळव्यावर आला, थरथरत, पण मूठ बरोबर तिच्याकडे.