माझ्या तोंडावरचा नारळ

मित्रांनो, भंगारातल्या मोडक्या पंख्याच्या मांडीवर बसलेला हा गंजका सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे मी.

नाशिकबाहेरच्या एका लहानशा वीजकेंद्रात मी नोकरीला होतो. तिथे कोळसा नुसता जाळत नसत. भट्टीत कोंडून, वाफेने भाजून, अर्धाच श्वास देऊन त्याला छळत. शेवटी तो गॅस होऊन सगळं कबूल करी. त्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली काळ्या दगडात जन्मठेपेला पाठवत आणि उरलेल्या गॅसवर वीज करत. धूर दिसत नसे, म्हणून पाहुणे म्हणत, किती शांत प्रकल्प! आतली हाणामारी फक्त मला ऐकू येई.

भट्टीच्या डोक्यावर बसायचं आणि दाब अनावर झाला की तोंड उघडून गॅस बाहेर ओकायचा, एवढंच माझं काम. दोनदा मी भट्टी वाचवली. दोन्ही वेळा पेढे टर्बाइनच्या नावाने वाटले.

मग नवरात्र आलं. सायखेड्याचा पुंजा आमचा ऑपरेटर. माझं आभाळाकडे वळलेलं तोंड पाहून त्याला कलश आठवला. त्याने आंब्याची पानं खोचली, वर नारळ ठोकून बसवला आणि पाया पडला. इतका मान मला कधीच मिळाला नव्हता. फक्त श्वास बंद झाला.

आठव्या माळेला इंजिनिअर मोहिनीताईंची नजर वर गेली.

"पुंजाभाऊ, तो नारळ काढा."

"घट हाय तो, मॅडम. दसऱ्यापर्यंत हलवत नाय."

"आपण नाही हलवला, तर तो आपल्याला हलवेल."

त्या भट्टी थांबवायला धावल्या, पण तेवढ्यात भट्टी थंड ठेवणारा पाण्याचा पंप बंद पडला. दाबाचा काटा लाल पट्ट्यात शिरला. देवीचा कोप मोठा की भट्टीचा, हा हिशेब जिन्यातच उरकून पुंजा वर आला आणि त्याने नारळाची शेंडी धरून ओढली. नारळ हलेना.

तेवढ्यात माझं तोंड उघडलं. माझी स्प्रिंग माणूस ओळखत नाही, मित्रांनो. नारळ तोफगोळ्यासारखा सुटला. जाताना पुंजाचं हेल्मेट, उजवा कान आणि दोन बोटं घेऊन गेला. माझाही गळा फाटला. पुंजा रक्तात पालथा पडला. वर विषारी गॅस पसरत होता. मोहिनीताईंनी मास्क चढवून त्याला पायाला धरून फरफटत खाली नेलं. नारळ मोठ्या साहेबांच्या गाडीचं टप फोडून आत सीटवर फुटला. प्रसाद कुणी घेतला नाही.

पुंजा वाचला. माझ्या जागी नवा व्हॉल्व्ह आला.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण ती तोंडावर दाबून बसवू नका. दर नवरात्रात पुंजा येतो. तीन बोटांनी एक झेंडू माझ्या पायाशी ठेवतो, मग राहिलेला कान माझ्या तोंडाशी आणून हळूच विचारतो,

"मोकळं हाय ना?"