एका माणसाचं स्वयंपाकघर

टेपमास्तरची नोकरी गेली आणि थोड्याच दिवसांत त्याची नजर स्वयंपाकघरावर पडली.

टेपमास्तर हे नाव कामगारांनी ठेवलेलं, कारण तो कंबरेला मोजपट्टी अडकवून कारखानाभर फिरायचा. पॅकिंग खात्यात टेबलं कुठे मांडली, खोके कुठे रचले म्हणजे माणसाची चाल वाचेल, हे ठरवायचं त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने इतकी चाल वाचवली, इतकी वाचवली, की शेवटी चालायला माणसंच उरली नाहीत, आणि मग चाल मोजणाऱ्याचीही गरज संपली. रिकामा बसलेला माणूस घराला जड होतोच. हा तर मोजपट्टीसकट रिकामा बसला होता.

घर चालवायला त्याच्या बायकोने डबे सुरू केले. रस्त्यापलीकडच्या दुकानांतली माणसं तिच्याकडून दुपारचं जेवण नेऊ लागली. स्वयंपाकघर मात्र असं, की एकीने ओट्यापाशी वाकायचं तर दुसरीने भिंतीला चिकटायचं. ही दुसरी म्हणजे ताई, टेपमास्तरची थोरली बहीण. नवरा गेल्यावर चार दिवस म्हणून आली ती इथलीच झाली. मूलबाळ नाही, जायला दुसरं घर नाही. तिला कधी कुणी वेडंवाकडं बोललं नाही हे खरं, पण तिने तशी वेळच येऊ दिली नव्हती. दाराशी स्टूल टाकून भाजी चिरायची, कांदे सोलायचे, भांडी विसळायची, झाकण सापडेना झालं की नेमकं तेच पुढे करायचं. त्या स्टुलावर ती ताठ बसायची. या घरात आपण फुकटचं खात नाही, एवढं तिला तिथे बसून वाटायचं.

"पैसा न घालता या खोलीचं सोनं करून दाखवतो," टेपमास्तर म्हणाला.

"सोनं करा नाहीतर पितळ करा," बायको म्हणाली, "माझे डबे वेळेवर जाऊ द्या म्हणजे झालं."

त्याने पहिल्यांदा दारच काढलं. उघडताना ते निम्मी जागा खायचं. त्याच्या फळीला जुन्या बिजागऱ्या लावून भिंतीला मिटणारं टेबल केलं. बरण्यांची झाकणं फडताळाच्या तळाला खिळ्यांनी ठोकली. आता बरणी वर धरून फिरवली की ती तिथेच लटकायची. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून त्यावर सुऱ्या चिकटवल्या. सिंकवर एक उतरती फळी बसवली, तिच्यावर चिरलेलं थेट पातेल्यात पडायचं. शेवटी भिंतीवर खडूने प्रत्येक भांड्याची आकृती काढली. कढईच्या आकृतीवर कढई, झाऱ्याच्या आकृतीवर झारा. काही शोधायचं म्हणून राहिलंच नाही.

"आणि हे स्टूल?" ताईने विचारलं.

"ते वाटेत येतं गं. बाहेरच्या खोलीत ठेवलंय."

त्याच्या मनात काही नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्याने दाढी केली होती, तो जेवताना बोलत होता, बायकोही त्याच्याकडे बघून हसत होती. पण ताईला दिसत होतं ते वेगळंच. चिरायला ती नको, शोधायला ती नको, पुढे करायला ती नको. कामच नसलं तर आपण इथे कशाला, असं कुणी म्हणणार नव्हतं. ते तिचं तिलाच म्हणावं लागणार होतं आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

मग ताईने जे केलं ते त्या भल्या बाईला शोभणारं नव्हतं. सगळे पांगले की ती आत जायची. झाऱ्याच्या जागी पळी लावायची. साखरेची बरणी मिठाच्या झाकणाला फिरवून ठेवायची. पातेल्यांची झाकणं तर पिठाच्या डब्यामागे दडवायची. सकाळी आतून हाक आली, "ताई, झाकणं कुठे गेली हो?" की ती लगबगीने उठायची आणि बरोबर काढून द्यायची. त्या हाकेने तिला इतकं बरं वाटायचं की आपण चोरी करतोय हेही ती विसरायची.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी घाईत मीठ म्हणून साखर पडली. भाजी ओतून द्यावी लागली, डबे उशिरा गेले आणि तीन गिऱ्हाइकांनी उद्यापासून नको म्हणून सांगितलं. बायको इतके दिवस गप्प होती, ती आता फुटली.

"पहिलं होतं ते काय वाईट होतं? डोळे मिटूनसुद्धा हाताला लागायचं सगळं. तुमच्या कारखान्याने तुम्हाला उगाच नाही काढलं."

बोलल्यावर तिने जीभ चावली, पण बोलून गेली होती. टेपमास्तर भिंतीपाशी उकिडवा बसला. खडूने काढलेल्या आकृत्यांकडे बघत त्याने मोजपट्टी कंबरेची सोडली आणि जमिनीवर ठेवली.

"माझं मोजमाप कधी चुकत नाही गं ताई," तो हळूच म्हणाला. "कुठे चुकलो तेच कळत नाही. एवढी एक खोली, तीही मला जमू नये?"

ताईला वाटलं, सांगून टाकावं, की बाबा तू नाही, मी चुकले. पण सांगितलं असतं तर का, तेही सांगावं लागलं असतं. तिला स्वतःची लाज वाटली. लहानपणी ज्याचं नाक पुसलं त्यालाच आपण असं पाडलं, या विचाराने तिला बसवेना. संध्याकाळी भाऊ-भावजय बाजारात गेल्यावर तिने एकेक भांडं आपापल्या आकृतीवर लावलं, बरण्या बरोबर झाकणांना फिरवल्या, दडवलेलं सगळं बाहेर काढलं. आणि मग हात लावला नाही.

दुसऱ्या सकाळी भावजयीने एकटीने सगळा स्वयंपाक केला. कुणाला हाक नाही, कसली शोधाशोध नाही. वळलं की वस्तू हातात. डबे भरून झाले तरी दुकानं अजून उघडायची होती. टेपमास्तर दाराच्या रिकाम्या चौकटीत उभा राहून बघत होता आणि त्याचा चेहरा पूर्वीसारखा दिसत होता.

तो बाहेर आला. ताई बाहेरच्या खोलीत बाकावर बसली होती, मोकळे हात मांडीवर ठेवून.

"बघितलंस ना? एकटीने केलं सगळं. चुकलं नव्हतं माझं."

"नव्हतंच चुकलं," ताई म्हणाली. "तुझं कधी चुकत नाही."

"आता तू आराम कर, ताई. खूप राबलीस."

ताईने मान डोलावली. गप्प राहायचं असं तिने ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलंच.

"आराम करून मी काय करू रे?"

टेपमास्तरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने आत बघितलं, मग तिच्या हातांकडे.

"कारखान्यातून काढलं तेव्हा मी साहेबांना हेच विचारलं होतं," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाले?"

ताई जराशी सरकली, तो तिच्याशेजारी बसला. दोघंही आतला आवाज ऐकत राहिली, काही लागलं तर उठता यावं म्हणून. पण आत भावजयीला काहीच लागत नव्हतं.