बाईसाहेबांचा डाग

मित्रांनो, मी एक जुना टेबलक्लॉथ आहे. लगेच नाक मुरडू नका. माझ्या अंगावर डाग आहेत हे मला ठाऊक आहे, आणि त्यांचा मला इतका अभिमान आहे की विचारू नका!

माझा जन्म कापडगिरणीतला. विणताना माझ्या एका कडेचे धागे सुटले आणि तपासणाऱ्या माणसाने मला बाजूला फेकलं. "हा तुकडा बाद," म्हणाला. जन्मल्या जन्मल्या बाद! तिथून मी एका शिवणकारखान्यात आलो. इस्पितळाचे पडदे शिवणाऱ्या एका बाईंनी मला उरल्यासुरल्या कापडाच्या ढिगातून उचललं आणि घरी नेऊन माझ्या चारी कडा दुमडून शिवल्या. घरात सगळे त्यांना आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो.

एरवी मी कपाटात घडी घालून पडलेला असे. कुणाचा वाढदिवस असला, कुणाचा निकाल लागला, की मला बाहेर काढत. बाबा बसचे ड्रायव्हर. त्यांना सणासुदीला सुट्टी मिळायची मारामार, त्यामुळे ते जेवायला घरी असले तरी तो समारंभच असे.

थोरल्याला सगळे 'वादळ' म्हणत. त्याच्या पाचव्या वाढदिवसाला त्याने केककडे अशी काही झेप घेतली, की लाल सरबताचा जग माझ्यावर आडवा! सगळे पाहुणे खो खो हसले. पोरगं शरमेने टेबलाखाली शिरलं. आईने घासघास घासलं, पण डागही निघेना आणि पोरगाही निघेना. शेवटी आईने सुईत लाल दोरा ओवला आणि डागाच्या कडेने टाके घालायला बसली.

"अरे बघ तरी," ती खाली वाकून म्हणाली, "हत्ती झालाय. सोंड सुद्धा आहे!"

वादळ हळूच बाहेर आलं. हत्ती बघितला आणि म्हणालं, "याला शेपूट नाही." आईने शेपूट काढलं.

तेव्हापासून त्या घरात नियमच झाला. समारंभाच्या दिवशी काही सांडलं तर कुणी ओरडायचं नाही. दुसऱ्या दिवशी डागात जे दिसेल ते आई दोऱ्याने काढणार. बाबांच्या टोमॅटो सुपाची बस झाली, चाकांसकट. मधल्याच्या तोंडाची टकळी कधी बंद नसे, म्हणून तो 'पोपट'; त्याच्या मुरंब्याचं जहाज झालं. त्याआधी पठ्ठ्याने हत्तीच्या हेव्याने अख्खी वाटी माझ्यावर पालथी घातली होती. आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मला तडक साबणात बुडवलं.

"मुद्दाम सांडलेलं चालत नाही या घरात," ती म्हणाली.

आता सांगतो धाकटीचं. तिला सगळे 'बाईसाहेब' म्हणत. पेला दोन्ही हातांनी धरायची, केक खाताना बशी हनुवटीखाली! तिच्या हातून कधी थेंब सांडला नाही. शेजारीपाजारी म्हणत, मुलगी असावी तर अशी. पण मला माहीत होतं ना. मला अंथरलं की ती आधी माझ्यावरून बोट फिरवत जायची. हत्ती, बस, जहाज... मग मी संपायचो आणि तिचं बोट कडेवर थांबायचं.

"आई, माझं काय आहे याच्यावर?"

"तू सांडतच नाहीस गं राणी, मी तरी काय करू?"

एका वाढदिवसाला तिच्या मैत्रिणीने विचारलं, "आणि तुझा डाग कुठाय?" बाईसाहेब पटकन म्हणाल्या, "माझा होता, धुतला गेला." मित्रांनो, माझ्या धाग्याधाग्यात कसंसंच झालं. त्याच संध्याकाळी तिने सरबताचा पेला अगदी टेबलाच्या काठावर, स्वतःच्या कोपरापाशी ठेवला आणि दुसरीकडे बघत बसली. कोपर लागलं, पेला कलला, आणि तिच्या हातांनी तो वरच्यावर झेलला! सवयच तशी. मग ती तोंड धुण्याच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मुलं मोठी झाली. वादळ दुसऱ्या गावी गेला, पोपट बोलण्याच्याच नोकरीला लागला. बाईसाहेब औषधाच्या दुकानात लागल्या. काटेकोर मोजमाप, बाटलीबाहेर थेंब नाही. बाबा गेले. टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक आलं, पुसलं की चकाचक. मी कपाटाच्या तळाशी डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिलो. कपाट उघडलं की उजेडाची रेघ यायची, आणि दार पुन्हा बंद. मला वाटलं, आता आपलं फरशीपुसणं होणार.

एक दिवस बाईसाहेबांनी मला ओढून काढलं. आईला सत्तर वर्षं पूर्ण होत होती.

"हे डागाळलेलं कशाला अंथरताय, वन्सं?" वादळाच्या बायकोने विचारलं. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत, वहिनी," बाईसाहेब म्हणाल्या आणि मला उन्हात टाकून आल्या.

सगळे जमले. नातवंडांनी माझा ताबा घेतला, पोपट प्रत्येकाला जहाजाची गोष्ट सांगत सुटला. पण आई काही बसेना. जन्मभर ती या टेबलाशी उभीच राहिली होती, वाढत, भरत, उचलत. बाईसाहेबांनी तिला हाताला धरून मधल्या खुर्चीवर बसवलं आणि नातवाने चहा पुढे ठेवला. आई कपाला हात लावेना.

"घे ना आजी, गार होईल."

मला तेव्हा कळलं. तिचे हात थरथरत होते. चारचौघांत दिसू नये म्हणून ती चहाच टाळत होती. शेवटी नातवाच्या आग्रहापुढे तिने कप उचलला, तो हिंदकळला आणि निसटला. गरम चहा माझ्यावर पसरला.

आईने दोन्ही हात माझ्या लोंबत्या कडेखाली लपवले. मला ती थरथर लागत होती. "काही कामाची राहिले नाही बघ," ती पुटपुटली.

शेजारी बाईसाहेब बसल्या होत्या. त्यांनी आपला भरलेला कप उचलला, आईच्या डागाशेजारी नेला आणि चक्क ओतला. सगळा.

"अगंबाई!" वहिनी उठल्याच.

"सांडला," बाईसाहेब म्हणाल्या.

आईने मान वर केली. "मुद्दाम सांडलेलं चालत नाही या घरात."

"मग धुऊन टाक."

आईने कडेखालून हात बाहेर काढले आणि लेकीच्या हातावर ठेवले. "राहू दे," ती म्हणाली, आणि इतकी हसली की डोळे पुसावे लागले. लेकीचेही.

दुसऱ्या दिवशी दोघी मला मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. डाग एकमेकांत मिसळून एकच झाला होता. आई म्हणे किटली, बाईसाहेब म्हणत कोंबडी आणि पिल्लू. बराच वाद झाला. शेवटी कोंबडी आणि पिल्लूच ठरलं. कोंबडी आईने काढली, वाकडेतिकडे टाके, मधेच दोरा सुटलेला. पिल्लू बाईसाहेबांनी काढलं, एक टाका इकडचा तिकडे नाही.

"तुझं वाकडं चाललंय," बाईसाहेब म्हणाल्या.

"चालू दे. कळायला नको, कुणाचं कुठलं ते?"

मित्रांनो, आई आता नाही. मी बाईसाहेबांच्या घरी असतो, आणि इथेही मुलं आहेत, त्यामुळे माझी चैन आहे. तुमच्याही कपाटाच्या तळाशी माझा कुणी भाऊबंद पडलेला असेल, त्याला एकदा उन्हात काढा. मला धुवा, वाळवा, विरलो तर ठिगळ लावा, माझी काही तक्रार नाही. फक्त त्या कोंबडीचा सुटलेला दोरा कुणी नीट करू नका.