झुंबरबाईचा महिना

दर अमावास्येला सकाळी माझी सासू, झुंबरबाई, गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसते. दोन लुगडी, तांब्या, पानाची चंची. नव्वदी कधीच ओलांडली, पण अमावास्या चुकत नाही.

तिला अकरा बाळंतपणं झाली, पाच पोरं जगली. पाचांनी ठरवलं, आई प्रत्येकाकडे एक महिना. अमावास्येला गाठोडं पुढच्या घरी जायचं. मग मला चार महिने सुट्टी, आणि त्यातही आम्ही जावा एकत्र बसून तिच्याच नावानं खडे फोडायचो. हळूहळू एकेक घर मिटलं. कुणी वारलं, कुणाला पोरांनी शहरात नेलं. माझे मालकही गेले. साठी उलटली, गुडघ्यांची पार वाट लागली, तरी मी अजून सूनच आहे.

म्हणून मी तिला गावातून एक चक्कर मारून परत घरीच आणते. दारात म्हणते, "या आत्याबाई, आता आमचा महिना." फसवते म्हणा हवं तर. मला दुसरं काही सुचत नाही.

परवा योगीराजचा, माझ्या एकुलत्या एका पोराचा, पुण्याहून फोन आला. "आई, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख भेटलीय. आजीला एवढ्या बारीला कुणाकडं तर ठेव."

सगळ्या पुतण्यांना फोन लावले. बोलले सगळेच गोड, हो मात्र कुणी म्हणालं नाही.

या अमावास्येला थोरल्या जावेच्या बंद घरापाशी माझा गुडघाच धरला. ओट्यावर बसले. शेजारी आत्याबाई टेकली. दाराचं कुलूप बघून मला रडूच फुटलं.

"कमळे, रडायलीस कामून?"

"समद्या घराला कुलपं हायेत, आत्याबाई. तुमाला कुटं नेऊ?"

"मला ठाव हाय की. आंधळी हाय व्हय मी?"

"मंग दर अमुशाला गाठोडं कामून बांधता?"

"तुला तुझा महिना सरल्यावानी वाटावं म्हनून."

तिनं चंची उघडून माझ्या हातावर पान ठेवलं.

"तुला तर एकच लेक," ती म्हणाली. "त्याला बी एकच पोरगी. तू म्हातारी झाल्यावर अमुशाला कुटं जाशील गं?"

मी तिचं गाठोडं उचललं. घरी आल्यावर दारात नेहमीसारखं "या आत्याबाई" म्हणाले, आणि योगीराजला फोन करून सांगितलं, गुडघ्याचं पुढच्या वर्षी बघू.